नाव आधी, चेहरा मागून

दौलताबादचा किल्ला पाहून आलेल्या माणसाला "काय काय पाहिलेत?" असे विचारले, की तो तीन गोष्टी हमखास सांगतो. खंदक, अंधारी आणि मेंढा तोफ. चौथी सांगण्याइतका दम त्याच्यात उरलेला नसतो. तासून काढलेली ती काळी कडा, तो अंधारातला जिना आणि वरच्या बारादरीपर्यंतची ती चढण, एवढ्याने शहरी माणसाचे गुडघे बोलू लागतात.

पण मला विचाराल, तर या डोंगराची खरी गंमत त्याच्या दगडात नाही, त्याने पाहिलेल्या राज्यकर्त्यांत आहे. बाराव्या शतकात भिल्लम यादवाने येथे राजधानी केली. रामदेवरायाच्या वेळी अल्लाउद्दीन खलजी आला. त्यानंतर तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे निजाम. १९४८ पासून आपले सरकार. एकाच टेकडीवर इतकी बिऱ्हाडे बदललेली क्वचितच पाहायला मिळतील!

यंदा १७ सप्टेंबरला आम्ही सारी मंडळी दौलताबादला निघालो. मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी, चिरंजीव पुण्याहून आलेले, सूनबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलेली. छत्रपती संभाजीनगरपासून (औरंगाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलले, जिभेवरचे अजून पुरते बदललेले नाही) अंतर अवघे पंधरा किलोमीटर. पण शहराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक चौकात फ्लेक्स. वाढदिवसाचे, अभिनंदनाचे, स्वागताचे. हात जोडलेले पुढारी आणि त्यांच्याभोवती टिकल्यांएवढी कार्यकर्त्यांची तोंडे.

नऊ वर्षांची माझी नात खिडकीतून ती तोंडे मोजत होती. एकाएकी तिने विचारले, "आजी, तुला सगळ्यात आधी कुठला पुढारी कळला गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला बालवाडीतच सगळे माहीत होते. आमच्या चौकात फोटो असायचे. नावं मागून कळली."

पोरीने सहज सांगितले, पण मी विचारात पडले. हिच्या पिढीला चेहरा आधी दिसतो आणि नाव मागाहून कळते. आमचे नेमके उलटे होते. आमच्या घरात नाव आधी येई. ते पाहुण्याच्या तोंडून येई, वडिलांच्या चिडण्यातून येई, कधी शेजारच्या रेडिओतून भिंत ओलांडून येई. चेहरा दिसायला पुष्कळदा वर्षे लागत, आणि तोवर आम्ही आपापल्या मनाने त्या नावाला नाकडोळे लावून टाकलेले असत.

एवढ्यात रस्त्यावरची ती जुनी वेस आली. मोटारी एकामागे एक खोळंबल्या. मी म्हणाले, "माझा पहिला पुढारी तुघलक."

चिरंजीवांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. पण ही थट्टा नव्हती. आम्ही गुलमंडीजवळ राहत असू. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एका सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी टोपी खुंटीला लावता लावता ते आईला सांगत, "आज पुन्हा तुघलकी हुकूम निघाला." पाच वर्षांच्या मुलीने यातून काय समजावे? तुघलक हा अण्णांचा साहेब असून तो फार खाष्ट असला पाहिजे, अशी माझी पक्की समजूत होती. एकदा घरी आलेल्या एका जाड्या गृहस्थांना मी दारातच विचारले होते, "तुम्हीच का ते तुघलक?" त्यानंतर आईने मला आत ओढून जे सांगितले, तो माझा इतिहासाचा पहिला धडा. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी या देवगिरीला आणली, तिचे नाव दौलताबाद ठेवले आणि दिल्लीकरांना घरदार सोडून शेकडो कोस चालायला लावले. काही वर्षांनी डाव फसला. इब्न बतूता नावाचा प्रवासी त्याच काळात येथे येऊन गेला. किल्ल्याच्या तुरुंगातले उंदीर मांजरांहून मोठे असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. राजे गेले, उंदीरही गेले, पण सहाशे वर्षांनी एक कारकून आपल्या साहेबावर त्याच नावाने चिडत होता! एखाद्या राज्यकर्त्याची आठवण लोक कशी ठेवतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

किल्ल्यात शिरलो. मुलासुनेने नातीला घेऊन वरची वाट धरली. मी चाँद मिनाराजवळच्या सावलीत बसले. समोर भारतमातेचे मंदिर. खलजींच्या काळातली ही मशीद, तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे, आणि आत भारतमातेची मूर्ती आली ती १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर. एकाच इमारतीत तीन काळ.

बसल्या बसल्या आणखी नावे आठवू लागली. माझी आजी, जिला सारे घर जीजी म्हणे, भाजीवालीशी घासाघीस करताना विचारी, "हाली की कलदार?" हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा. निजाम जाऊन सात-आठ वर्षे झाली तरी जीजीच्या डब्यात हाली नाणी होतीच. इंग्रजांच्या रुपयावर राजाचे मुंडके असे. निजामाच्या रुपयावर चारमिनार होता. म्हणून माझ्या लेखी कितीतरी दिवस निजाम म्हणजे एक चार मनोऱ्यांची इमारतच होती.

दुसरे नाव स्वामीजींचे. घरात बायका दबल्या आवाजात रझाकारांच्या गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टीत कोठेतरी "पण स्वामीजी होते म्हणून" असे येई. मला वाटे, हे कीर्तनकार असावेत. दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींचे स्थान आहे, एकनाथ महाराजांचे ते गुरू, हे मी ऐकलेले. तेव्हा हे स्वामीही त्याच घराण्यातले असणार! गंमत अशी, की माझे अगदीच चुकत नव्हते. जनार्दनस्वामी संत असून या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी असून हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी होते. १९३८ च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, आणि १९५७ साली आमच्याच औरंगाबादेतून लोकसभेवर निवडून आले. भगव्या कफनीतला माणूस मते मागतो, आणि निवडून आल्यावरही त्याच कफनीत राहतो, याचे आम्हां मुलांना तेव्हा नवल वाटले नव्हते. आता वाटते.

पहिला चेहरा मी पाहिला तो पंडित नेहरूंचा. म्हणजे पाहिला असे म्हणायचे. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. अण्णांनी मला खांद्यावर घेतले. माणसांच्या समुद्रापलीकडे एक पांढरी टोपी हलली. मी घरी येऊन "नेहरू पाहिले" असे सांगितले आणि आठवडाभर आळीत त्यावर भाव खाल्ला. यशवंतराव चव्हाण तर १९६२ साली, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे जो तो म्हणू लागला तेव्हा, भूगोलाच्या पुस्तकातून बाहेर आल्यासारखे वाटले होते.

पण एक नाव या साऱ्यांहून वेगळे आले.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मिलिंद महाविद्यालयात होता. त्याचा एक मित्र तेथल्या वसतिगृहात राहत असे. तो कधीमधी पुस्तके द्यायला येई आणि ओट्यावरच उभा राही. दादा "आत ये" म्हणे, तो "नको, घाईत आहे" म्हणे. आत माजघरात जीजीची माळ थांबे आणि तो गेला की पुन्हा फिरू लागे. मी विचारले, "हा कोण?" आई म्हणाली, "बाबासाहेबांच्या कॉलेजातला." तेवढेच.

६ डिसेंबर १९५६ ची संध्याकाळ मला लख्ख आठवते. तो मित्र आला आणि प्रथमच ओट्यावर बसला. बाबासाहेब दिल्लीला गेले होते, म्हणजे वारले होते. त्याला रात्रीच्या गाडीने मनमाडवरून मुंबई गाठायची होती. तो रडत नव्हता. नुसता भिंतीकडे पाहत होता. तेवढ्यात जीजी आतून आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो आमचा रोजच्या पिण्याचा तांब्या होता, न्हाणीतला नव्हे. तिने तो वाकून त्याच्या हातात दिला आणि काही न बोलता आत गेली. तो कितीतरी वेळ तांब्या हातात धरून बसला. मग तो खाली ठेवून उठला आणि म्हणाला, "येतो." पाणी तसेच होते. जीजीने तो तांब्या रात्री उचलला नाही, कोणाला उचलूही दिला नाही.

मी सहा वर्षांची होते. एखाद्या माणसाच्या जाण्याने दुसऱ्याच्या घरातली भांडी हलतात, एवढेच मला कळले. पुढारी म्हणजे काय, हे बहुधा मी तेथेच शिकले.

वरून मंडळी उतरली. नात घामाघूम झालेली. अंधारीत वटवाघळे होती, मार्गदर्शकाने पलिता धरला होता, शत्रूला गुदमरवायला वरच्या तोंडाशी विस्तव पेटवीत असत, हे सारे तिने एका दमात सांगितले आणि म्हणाली, "आजी, पाणी!" आम्ही बाहेरच्या दरवाजाशी आलो. तिने बाटली तोंडाला लावली, उरलेल्या पाण्याने तोंड धुतले, पायांवरही ओतले.

तेव्हा मी तिला या दरवाजाची गोष्ट सांगितली.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह नाशिकहून येवल्यावरून येथे आले होते. निघाले होते वेरूळची लेणी पाहायला. वाटेत हा किल्ला. रमजानचा महिना होता. धुळीने सारे माखलेले. दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला हौद दिसला, तेव्हा काहींनी तेथे हातपाय धुतले. ते दरवाजातून आत येतात न येतात तोच मागून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले, की यांनी हौद बाटवला. माणसे जमली, शिव्यागाळी सुरू झाली. सरळसोट प्रश्न विचारला तो बाबासाहेबांनीच : तुमचा धर्म हेच शिकवतो का? आमच्यातला कोणी उद्या मुसलमान झाला, तर त्याला तुम्ही हे पाणी घेऊ द्याल की नाही? जमाव जरा निवळला. पहारेकऱ्याने नाव विचारले. बाबासाहेबांनी कागदावर लिहून दिले. चिठ्ठी आत गेली आणि परवानगी आली. किल्ला पाहा, मात्र आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही. लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर!

ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींची पुस्तिका १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापली. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य, तो मुसलमानांच्या लेखीही अस्पृश्यच ठरतो, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. विचार करा, महाडच्या चवदार तळ्याला सात वर्षे होऊन गेली होती. लंडनच्या गोलमेज परिषदेत बसून आलेला, दोन परदेशी विद्यापीठांत शिकलेला बॅरिस्टर. त्या चिठ्ठीवरच्या नावाने दरवाजा उघडला, पण पाणी उघडले नाही. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली.

नात बाटलीकडे पाहत राहिली. म्हणाली, "मग त्यांनी वर चढताना काय प्यायलं?"

मी म्हटले, "चल, तुला एक जागा दाखवते."

परतताना मोटार नागसेनवनाकडे वळवली. ज्या मुलखाने या माणसाला हौदावर हात धुऊ दिले नाहीत, त्याच मुलखात १९५० साली त्याने कॉलेज सुरू केले. तोवर मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली. हे मिलिंद महाविद्यालय. ओट्यावर उभा राहणारा दादाचा मित्र येथलाच, आणि पुढे खेड्यापाड्यांतून आलेली हजारो मुले येथलीच. सुट्टी असूनही झाडांखाली दोघेतिघे पुस्तक घेऊन बसले होते. तिने विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आपण सहकुटुंब दौलताबादला जालच. हंगाम सीताफळांचा असतो, रस्त्यावर पाट्या मांडलेल्या असतात, भाव करून घ्या. चढण सकाळीच उरका, वयस्कर मंडळींना चाँद मिनारापाशी बसवा, आणि पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या घ्या. किल्ल्याच्या दरवाजाशी थांबून त्यातले दोन घोट मुलांना पाजा आणि तेथेच ती चिठ्ठीची गोष्ट सांगा. मग परतताना नागसेनवनावरून या. वाट थोडी वाकडी पडते, पण तोफा आणि खंदक पाहून आलेल्या मुलांनी तेही पाहिले पाहिजे.