बंबाची जागा

चौलच्या आमच्या घरातील तांब्याचा बंब या कार्तिकात गळू लागला. आई 84 वर्षांची आहे. ती या घरात सून म्हणून आली तेव्हाही हाच बंब होता. नारळाची सोडणे, करवंट्या आणि वाळक्या झावळ्या यांवर तो रोज पहाटे पेटत असे. विजेचा गीझर बसवून देतो, असे मी अनेकदा सुचवले. ‘‘अरे, वादळात आठ-आठ दिवस वीज नसते, तेव्हा तुझा गीझर काय कामाचा?’’ हे तिचे उत्तर ठरलेले असे.

आता मधल्या नळीच्या सांध्यातून पाणी झिरपून विस्तवावर पडू लागले होते. अलिबागेत डाख लावून देणारा कोणी भेटला नाही. एका दुकानदाराने बंब मोडीत घेण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याकडे जुना, लखलखीत बंब होता. परंतु त्याच्या तळाला छिद्र होते. असे बंब हॉटेलवाले दारात शोभेला ठेवतात, असे तो म्हणाला. शेवटी मी पुण्याला कसबा पेठेतील तांबट आळीत गेलो. पेशवाईत कोकणातून तिकडे गेलेल्या तांबटांच्या वंशजांपैकी काही घरांत आजही मठारकाम चालते.

एका वृद्ध कारागिराने जुन्या बंबाचे छायाचित्र पाहिले, मापे विचारली आणि सहज प्रश्न केला, ‘‘डॉक्टर, बंब ठेवता कुठे?’’

‘‘न्हाणीघरात.’’

‘‘आत? आणि धूर कुठे जातो?’’

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. बंब पूर्वी मागील पडवीत, उघड्यावर असे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराला फरशा बसवताना मीच तो आत आणवला. आईला थंडीत बाहेर जावे लागू नये आणि पाण्याच्या जड बादल्या कोणाला वाहाव्या लागू नयेत, हा हेतू होता. डास येतात म्हणून वरच्या झरोक्याला काचही मीच बसवून घेतली.

त्यानंतरच्या दोन्ही हिवाळ्यांत आई स्नानानंतर डोके दुखते, मळमळते असे सांगत होती. एकदा ती पाटावरच बसून राहिली. हाक मारली तरी उत्तर देईना. मी रक्तदाब पाहिला, गोळीची मात्रा बदलली. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तो 98 दाखवत होता. ओटीवर वाऱ्याला बसवल्यावर दोन तासांत तिला बरे वाटले आणि मी निश्चिंत झालो. दुपारी तिचे डोके कधीच दुखत नसे. मुंबईला माझ्या बहिणीकडे राहायला गेली, तर तिथेही नाही. एखाद्या रुग्णाने हे सारे सांगितले असते, तर मी पहिला प्रश्न चुलीबद्दल विचारला असता. आईच्या बाबतीत तो विचारला नाही, कारण ती व्यवस्था माझ्याच हातची होती.

बंद जागेत इंधन अर्धवट जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर या दोहोंतील भेद ओळखू शकत नाही. म्हणून त्यावरील चांगला आकडा फसवा ठरतो. डोकेदुखी, मळमळ, भोवळ, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे वृद्धांमध्ये सहज वयावर किंवा रक्तदाबावर ढकलली जातात. असे घडल्यास माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, विस्तव विझवावा आणि प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मी तेही केले नव्हते. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरचा धोकाही हाच आहे.

नवा बंब मकरसंक्रांतीपूर्वी आला. तो आता तीन बाजूंनी उघड्या पडवीत, त्याच्या मूळ जागी आहे. पाणी भरल्याखेरीज तो पेटवायचा नाही, अन्यथा डाख वितळतो. जुना बंब विकत घेणाऱ्यांनी तो रात्रभर पाण्याने भरून ठेवावा आणि सकाळी तळ व सांधे पाहावेत.

बादली मी किंवा माझी पत्नी आत नेतो. आधी गार पाणी, मग कढत, असा क्रम आम्ही पाळतो. 60 अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत खोलवर भाजू शकते; वृद्धांची त्वचा पातळ असते आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांना पुष्कळदा चटका जाणवतही नाही. म्हणून बादलीतील पाणी आपल्या कोपराने पाहून मगच त्यांच्यापुढे ठेवावे. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो. स्नानानंतर त्यांनी लगेच उभे न राहता क्षणभर बसावे.

झरोक्याची काच मी काढून टाकली आहे. तिथे आता डासांची जाळी आहे. बंब पडवीत गेल्यापासून आईचे डोके दुखलेले नाही. परवा ती म्हणाली, ‘‘नवा बंब चांगला आहे हो.’’ मी खाली मान घालून होकार दिला. पण दोष जुन्या बंबाचा नव्हता, हे तिला अजून सांगायचे आहे.