एकशें साठ चौरस फूट

माझे चुलते वडूजची कोरडवाहू शेती सोडून मुंबईस गिरणींत लागले व वरळीच्या बीडीडी चाळींत राहिले. घरटंचाईवर उपाय म्हणून १९२० नंतर सरकारनें अशा २०७ चाळी बांधल्या. चाळींत खोल्या ८०, खोली १६० चौरस फुटांची. १९८२ च्या संपांत चुलत्यांची नोकरी गेली, छप्पर मात्र टिकलें. त्याखालीं नऊ माणसांत दहावा होऊन मी बी. ए. झालों; निजावयास दारापुढील बोळकांडी.

आतां तेथें मनोरे उठत आहेत. बोळकांडींतला शेजार जाणार म्हणून मी हळहळलों, तेव्हां चुलती म्हणाली, "बाबा, तू चार वर्सं राहिलास. म्या पन्नास वर्सं पहाटं संडासाच्या रांगेत काढली."

त्यानंतर मी बोळकांडीविषयीं अवाक्षर काढिलें नाहीं.