पाय जमिनीला टेकावेत म्हणून

गेल्या जून महिन्यात प्रवेशाची धांदल चालू असताना आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आम्हांस भेटावयास आली. ती आता परिचारिका आहे आणि गोदाकाठच्या वाड्यावस्त्यांवर तिला रोज फिरावे लागते. 'जय भीम' झाल्यावर तिने थेट विचारले, "सर, मला मोटारसायकलच घ्यायची आहे. स्कूटरची चाकं लहान, काळ्या मातीच्या चाकोरीत अडकतात. पण माझी उंची पाच फूट. दुकानात गेले की लोक हसतात. तुम्ही कशी निवडली होती?" स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा तिचा हा प्रश्नच आमच्यासमोर होता. विषय किरकोळ वाटेल. आम्हांस मात्र तो तसा वाटत नाही.

आमची स्वतःची उंची पाच फूट एक इंच. आमचा जन्म १९७२ सालचा, म्हणजे महाराष्ट्राच्या त्या भीषण दुष्काळातला. आमची आई गरोदरपणी दुष्काळी कामावर खडी फोडीत होती आणि सरकारी सुकडी व मिलो ज्वारी यांवर घर चालले होते. ठेंगणेपण प्रत्येक वेळी उपासमारीतूनच येते असे नाही. काही घराण्यांत ते वंशपरंपरेनेही असते. तथापि मातेच्या पोटात आणि बालपणीच्या पहिल्या वर्षांत जे मिळत नाही, त्याची नोंद हाडांत राहते, एवढे खरे. इतिहास केवळ ताम्रपटांत आणि दफ्तरांत नसतो, तो माणसाच्या अंगावरही लिहिलेला असतो.

योगायोग असा की, त्याच १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना बाजारात आली आणि ती आपल्याच अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात, तयार होऊ लागली. पन्नास सीसीची, पायंडल असलेली ही हलकी गाडी आमचे पहिले वाहन. जुनीच घेतली होती. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकत, म्हणून कधी भीती वाटली नाही. पुणतांबा हे दौंड–मनमाड लोहमार्गावरचे जंक्शन खरे. परंतु रेल्वे स्थानकापर्यंतच येते, वस्तीपर्यंत येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले दिवाळीनंतर शाळेत परतली नाहीत, तर त्यांना शोधून आणणे हे शिक्षकाचेच काम होते. परतताना मागे मूल, त्याची वळकटी आणि पेटी असे. तेवढे ओझे घेऊन चढ चढणे लूनाच्या आवाक्यातले नव्हते. मोटारसायकल घेणे भागच होते.

येथे आमची चूक झाली. नातलग म्हणाले, "गुरुजी, चार लोकांत शोभेल अशी घ्या." दुकानदारानेही री ओढली. आम्हांसही मोह झालाच. ज्या गावात आपल्या वाडवडिलांना पायातली वहाण हातात घेऊन चालावे लागले, त्या गावातून उंच, भारदस्त गाडीवरून जावे असे कोणास वाटणार नाही? आम्ही ती घेतली. बसल्यावर केवळ चवडे टेकत. चालू गाडीवर काही जाणवत नसे. प्रश्न थांबताना येई. एका पावसाळी संध्याकाळी रेल्वे फाटक बंद झाले म्हणून चढावर थांबलो. डावा पाय टेकावयास गेलो तो खाली उतार, पाय अधांतरी. गाडी कलली ती आवरली नाही. मागे सहावीतला मुलगा होता. त्याचा गुडघा फुटला, सायलेन्सरने पोटरी भाजली. उठल्यावर तोच म्हणाला, "सर, तुम्ही बसा, मी गाडी धरतो." त्या वाक्याने आम्हांस जेवढे लागले, तेवढे पडल्याने लागले नव्हते.

त्या रात्री बाबासाहेबांनी लिहून ठेवलेला चाळीसगावचा प्रसंग आठवला. साल १९२९. स्थानकावरून महारवाड्यात जाण्यासाठी एकही टांगेवाला त्यांना न्यावयास तयार नव्हता. पाहुण्याने पायी जावे हे वस्तीतल्या लोकांना रुचेना. त्यांनी टांगा भाड्याने मिळविला आणि ज्याला हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्यातल्याच एकाच्या हाती लगाम दिला. वाटेत पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. दोष मुळात टांगा नाकारणाऱ्या समाजव्यवस्थेचा, हे उघड आहे. तरी त्यातली दुसरी शिकवण आम्ही इतकी वर्षे वर्गात शिकवूनही स्वतः शिकलो नव्हतो. प्रतिष्ठेच्या ओढीत सुरक्षितता मागे पडली, तर किंमत आपल्यालाच आणि आपल्या मागे बसलेल्यालाच मोजावी लागते.

पुढे गावातल्या एका मेस्त्रीने आम्हांस शहाणे केले. तो म्हणाला, "सर, गाडीची उंची बघायच्या आधी स्वतःच्या पायाची मोजा." अनवाणी, भिंतीला पाठ लावून, जांघेपासून टाचेपर्यंत मोजले, सुमारे ७१० मिलिमीटर भरले. कंपन्यांच्या तक्त्यांत स्प्लेंडर प्लसच्या बैठकीची उंची ७८५ मिलिमीटर आहे, बुलेट ३५० ची ८०० च्या आसपास. म्हणजे आकडा पाहून निवडू गेलो तर मोटारसायकल आमच्यासाठी नाहीच! पण आकडा अर्धेच सांगतो. माणूस बसला की शॉकअब्सॉर्बर दबून गाडी थोडी खाली येते. बैठक पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात; रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तीच उंची अधिक भासते. वजनाचेही तसेच. ॲव्हेंजरची बैठक अवघी ७३७ मिलिमीटर, पाय सहज टेकतात; परंतु गाडी दीडशे किलोच्या वर. चिखलात ती हाताने ढकलून पाहावी. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, म्हणून कलली तरी सावरते.

त्याने आणखी तीन गोष्टी शिकविल्या. दोन्ही पाय टेकण्याचा हट्ट धरू नये. किंचित डावीकडे सरकून एक तळवा पुरता टेकवावा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवावा. रस्त्याची डावी कड उतरती असते, म्हणून अगदी कडेला थांबू नये. आणि उंची कमी करायचीच तर बैठकीचा फोम थोडा कापून घ्यावा, शॉकअब्सॉर्बरशी खेळू नये. गाडी खाली बसली की पोट दगडांना घासते, आणि बाजूचा स्टँड तुलनेने लांब पडून उभी गाडी दुसऱ्या अंगाला लवंडते. आम्ही उंच गाडी तोट्यात विकली, जुनी स्प्लेंडर घेतली, तिचा फोम बोटभर उतरविला आणि जाड तळव्याचे बूट घेतले. त्यानंतर मागे बसलेले एकही मूल आमच्या हातून पडले नाही.

हे सारे आम्ही त्या परिचारिकेला सांगितले आणि आमची गाडी अंगणात काढून तिला बसविले. ती डावीकडे सरकली, तळवा टेकला. ती हसली आणि म्हणाली, "आजवर मला वाटायचं, मीच कमी आहे."

हे वाक्य आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने ठेंगणी आहेत. आपल्या वसतिगृहात दोन वेळची भाकरी, डाळ, उसळ आणि अंडी देण्यामागचा हेतू केवळ पोट भरणे नाही. आमच्या पिढीच्या हाडांत जे राहून गेले ते पुढच्या पिढीच्या हाडांत राहू नये, यासाठी ती पंगत आहे. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना ग्रंथालयाइतकेच स्वयंपाकघरही आठवावे, ही विनंती.

आणि जे वाढायचे ते वाढून झाले आहेत, त्यांनी स्वतःस कमी समजू नये. लोकांच्या नजरेत भरेल अशी गाडी घेऊ नका. जिच्यावरून पाय जमिनीला टेकतो अशी घ्या. जमिनीवर घट्ट पाय रोवून थांबता येणारा माणूसच मागच्याला सुखरूप घरी पोचवतो.

जय भीम.