अगस्त्यकूडमच्या जंगलातली आरोग्यपच्चा

डोंगर चढताना तुमचे पाय भरून आलेत आणि सोबतचा वाटाड्या मात्र ताजातवाना आहे, असं कधी झालंय? डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या पथकाला केरळमधल्या अगस्त्यकूडमच्या जंगलात हाच अनुभव आला. वाटाडे होते काणी आदिवासी. चालता चालता ते कसली तरी छोटी फळं खात होते. दमलेल्या शास्त्रज्ञांनीही ती खाल्ली आणि त्यांना तरतरी आली.

ही फळं कशाची, हे सांगायला काणी आधी तयार नव्हते. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी बदामाच्या आकाराच्या पानांचं एक छोटंसं रोप दाखवलं. ते म्हणजे आरोग्यपच्चा.

पण एकदा तरतरी आली म्हणजे औषध सापडलं, असं होत नाही. प्रयोगशाळेत उंदरांना या बिया दिल्या आणि त्यांना पाण्यात पोहायला लावलं. बिया दिलेले उंदीर जास्त वेळ पोहत राहिले. पुढे तिरुवनंतपुरमजवळच्या पालोड इथल्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत पानांवर काम झालं. काणी खायचे फळं, औषध मात्र बनलं पानांपासून. त्यात आणखी तीन वनस्पती घालून ‘जीवनी’ तयार झालं.

आता खरा प्रश्न आला. हे ज्ञान कोणाचं? १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला सात वर्षांचा परवाना दिला गेला. त्यासाठी १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के रॉयल्टी ठरली. त्यातला अर्धा वाटा काणींना देण्याचं संस्थेने ठरवलं आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट स्थापन झाला. आपल्याला कोणी विचारलंच नाही, अशी काही काणींची तक्रारही होती. तरीही पारंपरिक ज्ञानाचा मोबदला मूळ लोकांना देण्याचं हे जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक मानलं जातं.

आपला सह्याद्री ज्या पश्चिम घाटाचा भाग आहे, त्याच्याच दक्षिण टोकाला १,८६८ मीटर उंचीचं अगस्त्यकूडम आहे. ट्रेक बोनाकाडहून सुरू होतो आणि वनखात्याची परवानगी लागते. तिथे गेलात तर कुठलंही रोप उपटू नका, अनोळखी फळ तोंडात टाकू नका. वाटाड्या काणी असेल तर आरोग्यपच्चाबद्दल जरूर विचारा. त्याने सांगितलं तर ऐका. नाही सांगितलं, तर आग्रह धरू नका.