रिबन नसलेला टाइपरायटर

वाङ्मयप्रकार शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर येईल ते कोणत्या कप्प्यात बसते हे आधी पाहायचे, आणि कप्प्याबाहेर काही डोकावताना दिसले की त्याचा राग धरायचा. ही खोड मला वर्गात लागली, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात ती सिन्नरच्या एका सायबर कॅफेत संगणकावरचा खेळ खेळताना लागली आणि तिचा पहिला त्रास माझ्या धाकट्या भावाला झाला.

खेळाचे नाव 'रेसिडेंट ईव्हिल'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९६ साली काढला. शिंजी मिकामी त्याचा दिग्दर्शक. जपानात तो 'बायोहॅझर्ड' या नावाने ओळखला जातो. आमच्यापर्यंत तो २०००च्या सुमारास, अर्थातच नकली सीडीवरून, येऊन पोहोचला. तासाला ठरावीक पैसे मोजायचे आणि दोघांनी एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे टेकायचे. एका जंगलातला एक वाडा, त्यात अडकलेले मोजके पोलीस आणि मेलेली पण न मेलेली माणसे, एवढेच कथानक. सुरुवातीच्या एका बोळात पाठमोरे बसलेले एक प्रेत काहीतरी खात असते आणि सावकाश मान वळवून आपल्याकडे पाहते. त्या वळण्याला लागणारा वेळ हेच त्या खेळाचे सगळे शास्त्र होते, असे आज वाटते. पुढे एका निवांत बोळात खिडकीची काच फोडून कुत्रा आत येतो. आम्ही दोघेही त्या वेळी खुर्चीवरून पडता पडता राहिलो, आणि शेजारी बसून ई-मेल लिहिणाऱ्या गृहस्थांनी आमच्याकडे फार कठोर नजरेने पाहिले.

खेळाने भीती कशी निर्माण केली होती, हे जरा तपशिलाने सांगितले पाहिजे. कॅमेरा भिंतीच्या कोपऱ्यात खिळलेला असे, म्हणून पुढे काय आहे ते दिसत नसे. ऐकू मात्र येई. पात्र वळे तेही बैलगाडीसारखे. ख्रिस या पात्राजवळ सामान ठेवायला सहाच जागा. किल्ली घेतली तर औषधी पाला ठेवायला जागा उरत नसे. गोळ्या इतक्या कमी, की समोरच्याला मारण्यापेक्षा वळसा घालून पळणे परवडे. आणि सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे टाइपरायटर. खेळ जिथवर आला तिथे जपून ठेवायचा, तर वाड्यातला टाइपरायटर शोधायचा आणि त्यात शाईची रिबन घालायची. या रिबनी मोजक्याच मिळत. म्हणजे 'आता थांबावे की आणखी एक दार उघडून पाहावे' हा प्रश्न सतत मानगुटीवर. त्यात आमच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नसे. रिबन वाचवायची म्हणून पुढे जावे आणि पडदा काळा व्हावा, असे किती वेळा झाले त्याची गणती नाही. कॅपकॉमच्या कल्पनेतही नसलेली ही आमची जास्तीची भीती.

कळफलक धाकट्याच्या हाती असे. माझ्याकडे वही. कोणत्या दाराला तलवारीची किल्ली, कोणत्या दाराला ढालीची, पाला कुठे सोडला, रिबन किती उरल्या, हे सगळे मी लिहीत असे. आमची आई तेव्हा घरी विड्या वळत असे. मांडीवर सूप, त्यात टेंभुर्णीची पाने आणि जर्दा. तिच्या हिशेबाच्या वहीची मागची कोरी पाने मी त्या वाड्याच्या नकाशासाठी वापरत होतो. आईने एकदा विचारले, "हे कोणाच्या घराचं बांधकाम चाललंय?" धाकटा म्हणाला, "भुतांच्या." तिने पुढे काही विचारले नाही.

२००७ साली या मालिकेचा चौथा खेळ संगणकावर आला. मूळचा तो २००५चा. तोवर मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो होतो, आणि धाकटा पदविका पूर्ण करून औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी म्हणून लागला होता. घरात हप्त्यावर घेतलेला संगणक आला होता. एका रविवारी त्याने मोठ्या हौसेने मला बोलावून शेजारी बसवले. मी सवयीने वही घेऊन बसलो.

वहीची गरजच पडली नाही. कॅमेरा आता नायकाच्या खांद्यामागे होता. समोरचे लख्ख दिसत होते. कोड्यांनी भरलेल्या वाड्याच्या जागी स्पेनमधले एक खेडे, त्यात गोठे, विहीर, कोंबड्या. (कोंबडीने घातलेले अंडे खाल्ले की नायकाची शक्ती भरून येते. या गोष्टीचे धाकट्याला फार कौतुक.) कोयते आणि काठ्या घेतलेले गावकरी झुंडीने अंगावर येत आणि हा गोळ्या घालत सुटे. मेलेल्यांच्या अंगावरून आणखी गोळ्या मिळत. मधूनच एक सौदागर प्रकट होई आणि बंदुका विकत देई. आणि टाइपरायटर? तो होता. पण त्याला रिबन लागत नव्हती. हवा तितक्या वेळा या, हवे तितक्या वेळा जपून ठेवा.

माझा खरा संताप त्या टाइपरायटरवर झाला. तो काढून टाकला असता तर मी समजू शकलो असतो. त्यांनी खूण ठेवली आणि तिच्यातला अर्थ काढून घेतला. मी धाकट्याला म्हणालो, "हा तो खेळच नाही. नाव तेवढं तेच ठेवलंय." तो नजर न हलवता म्हणाला, "चांगला आहे ना पण?" मी म्हणालो, चांगला-वाईट हा प्रश्नच नाही. वर्गात नवकथेवर त्या काळी घेतले गेलेले 'ही कथाच नव्हे' असे आक्षेप सांगताना मी आक्षेप घेणाऱ्यांना हसत असे. घरी आल्यावर मात्र मी त्यांच्याच बाजूला जाऊन बसलो होतो.

जगभर या खेळाचे चाहते तेव्हा याच मुद्द्यावर भांडत होते, आणि पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. एका पक्षाचे म्हणणे असे, की 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव ज्या खेळाने रूढ केले त्यानेच तो प्रकार सोडला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की तोच वाडा आणि त्याच किल्ल्या किती वेळा उघडायच्या? या दुसऱ्या पक्षाजवळ एक चांगला पुरावा होता. चौथ्या खेळाचे अनेक आराखडे बनवून टाकून दिले गेले होते. त्यांतला एक मूळ मालिकेपासून फारच दूर गेला, म्हणून त्याला वेगळे नाव देऊन २००१ साली 'डेव्हिल मे क्राय' हा स्वतंत्र खेळ काढण्यात आला. म्हणजे निर्मात्यांना सीमेचे भान नव्हते असे म्हणता येत नाही. एका कृतीला त्यांनी सीमेबाहेर काढले आणि दुसरीसाठी सीमाच हलवली. वाङ्मयप्रकाराच्या कोणत्याही अभ्यासकाने या उदाहरणापाशी थांबावे असे मला वाटते.

मी मात्र तेव्हा भरतमुनींना मदतीला बोलावले. भयानकाचा स्थायीभाव भय, वीराचा उत्साह. नाट्यशास्त्रात भयानकाचे जे विभाव येतात, विकृत आवाज, पिशाचदर्शन, ओसाड घर, अरण्य, ते पहिल्या खेळात एकूण एक सापडतात. चौथ्यात ओसाडपण संपले आणि युद्ध सुरू झाले. भय गेले, उत्साह आला. बीभत्सातून भयानक निपजतो असेही भरत सांगतो. इथे मला वाटले की मी काहीतरी शोधून काढले आहे: चौथ्या खेळात बीभत्स तसूभरही कमी झालेला नाही, उलट वाढला आहे, पण पाहणाऱ्याच्या हातात भरलेली बंदूक दिली की त्याच बीभत्सातून भय निपजत नाही, पराक्रमाची खुमखुमी निपजते. नारायण धारपांच्या 'समर्थ' कथा वाचताना असेच काहीसे होते. समर्थ येईपर्यंत आपण घाबरतो. ते आले की आपण सावरून बसतो, कारण आता निकाल ठाऊक असतो. ज्या कथांत धारपांनी कोणीही वाली ठेवलेला नाही, त्या रात्री वाचवत नाहीत.

हे विवेचन मी धाकट्याला ऐकवले. तो रात्रपाळी करून आला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, आठ तास मशिनीसमोर घाबरूनच उभा असतो मी. बोट जाईल म्हणून, नाहीतर उद्यापासून येऊ नको म्हणतील म्हणून. इथं तरी गोळ्या पुरू दे की."

मला उत्तर सुचले नाही. पुष्कळ नंतर ध्यानात आले, की याचेही उत्तर भरतात होते आणि मी ते सोयीने वगळले होते. भरत वीराला उत्तम प्रकृतीच्या माणसांचा रस म्हणतो आणि भय स्त्रिया व 'नीच' प्रकृतीच्या माणसांकडे सोपवतो. भीतीचीही अशी वतने ठरलेली. चौथ्या खेळाचा नायक लिऑन हा १९९८च्या दुसऱ्या खेळात नोकरीच्या पहिल्याच दिवशी मृतांच्या शहरात येऊन पडलेला नवखा पोलीस होता. चौथ्यात तो अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुलीला सोडवायला निघालेला कसलेला हस्तक आहे. प्रकार बदलला, त्याबरोबर नायकाची पायरीही बदलली. धाकट्याला त्या पायरीवर घटकाभर उभे राहायचे होते. मी वरच्या पायरीवर नव्हतो, तासिका तत्त्वावरच्या मास्तराची पायरी ती काय. पण मला भीती ही हौस म्हणून परवडत होती, एवढा फरक होताच.

वडिलांची गोष्ट इथे आठवते. आसपासच्या जत्रांतले तमाशे त्यांनी तरुणपणापासून पाहिलेले. पुढे पुढे जत्रेहून परतले की ते कुरकुरत: गण झाला, गवळण झाली, बतावणी कशीबशी झाली, मग सिनेमाची गाणी सुरू झाली ती संपेचनात, आणि पहाटेच्या सुमाराला वग उरकून टाकला. "वग नाही तो तमाशा कसला?" यावर आई सूप खाली न ठेवता म्हणे, "आणि त्या गाण्यांना टोपी कोण उडवतं?" वडील गप्प बसत. ते टोपी उडवत, हे आम्ही दोघांनीही पाहिले होते. फडमालकाने वग का आखडला याचा विचार करणाऱ्याने त्या टोपीचाही करायला हवा.

मालिका पुढे गेली. २००९च्या पाचव्या खेळात दोघांनी मिळून खेळायची सोय आली. माझी तक्रार खरोखर एकटेपणाची असती तर ती तिथे मिटायला हवी होती. पण दुसऱ्याच्याही हातात बंदूकच होती, वही नव्हती. २०१२चा सहावा तर निव्वळ धुमश्चक्री. मग २०१७ साली सातव्या खेळात एकच घर, एक सामान्य माणूस आणि त्याची हरवलेली बायको, अशी भीती परतली. आता सगळे नायकाच्या डोळ्यांनी दिसत होते, म्हणून जुन्यांपैकी काहींनी 'हेही मूळचे नव्हे' म्हणून नाक मुरडलेच. मी तो खेळ विकत घेतला, रीतसर पैसे देऊन, आणि एकट्याने खेळू लागलो. अर्ध्या तासात बंद केला. पुन्हा उघडला नाही. वर्गात मी याचे कारण 'आस्वादप्रक्रियेतील सहभागित्व' असे काहीतरी सांगितले असते.

आता धाकटा चाकणला असतो. एका दिवाळीत तो लॅपटॉप घेऊन सिन्नरला आला. जेवणे झाल्यावर त्याने पहिल्या खेळाची नवी आवृत्ती लावली. २००२ साली तो खेळ नव्याने रचला गेला होता, त्याचे हे २०१५मधले सुधारित रूप. रिबन होती. मी माळ्यावरच्या पेटीतून आईची वही शोधून आणली. पहिली पाने विड्यांच्या हिशेबाची, मागे वाडा.

नकाशा जुळेना. नव्या रचनेत खोल्या वाढवल्या होत्या, कोडी हलवली होती, आणि मारलेली प्रेते जाळली नाहीत तर अधिक चपळ होऊन उठत होती. "तुझी वही चुकली," धाकटा म्हणाला. मी म्हणालो, वही बरोबर आहे, घर बदललंय. त्याने खेळ थांबवून माझ्याकडे पाहिले आणि इतका हसला, की आतल्या खोलीत झोपलेली आई जागी झाली.

एका दारापाशी आम्ही अडकलो होतो. तिथे ढालीची किल्ली लागेल असे माझे मत; त्याचे मत वेगळे होते. रिबन दोन उरल्या होत्या.