तारा आणि शेर



या वेळी उपदेश नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

माझे वडील टपाल खात्यात होते. आमचे घर मराठी, पण राहणे इंदूरला, त्यामुळे माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. वडिलांना पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद होता. ते गेल्यावर त्यांची पेटी मी सिल्वासाला आणली. तिच्यात भारताचा नकाशा असलेली, नव्या पैशांच्या काळातली तिकिटे दोन पाकिटांत ठेवलेली होती. एका पाकिटावर हिंदीत 'तारा' लिहिले होते, दुसऱ्यावर 'शेर'. तारा नावाच्या कोणा बाईंनी ती दिली असतील, असे मला वाटले. 'शेर'चा अर्थ लागला नाही. तिकिटे तर दोन्हीकडे सारखीच दिसत होती. मी ती एकत्र केली, पाकिटे फेकून दिली आणि 'डबल' तिकिटे शाळेत मुलांना वाटली.

आठ दिवसांनी सातवीतला एक विद्यार्थी दोन तिकिटे घेऊन माझ्याकडे आला.

"सर, ही दोन वेगळी आहेत."

तोच नकाशा, तीच किंमत, तोच रंग. मी म्हणालो, "अरे, एकच आहेत. एक मित्राला देऊन टाक."

तो जागचा हलला नाही. "सर, उजेडासमोर धरून बघा ना."

धरली. एकाच्या कागदात बारीक तारे दिसले, दुसऱ्याच्या कागदात अशोकस्तंभाचे सिंह. तारा आणि शेर!

मग मी पुस्तके काढून बसलो. 1 एप्रिल 1957 पासून आपल्याकडे रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्या वेळी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ही नकाशाची तिकिटे छापली गेली. सुरुवातीच्या कागदात ताऱ्यांचे जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क होते. 1958 पासून तेच चित्र अशोकस्तंभाचे जलचिन्ह असलेल्या कागदावर येऊ लागले. जलचिन्ह शाईने छापत नाहीत. कागद ओला असतानाच त्यावर नक्षी दाबतात. तिथे कागद किंचित पातळ होतो आणि उजेड जास्त येतो.

असे फरक कधी चुकीनेही होतात. 1854 साली कोलकात्यात चार आण्यांचे दोन रंगांचे तिकीट निघाले. लाल चौकट आणि राणी व्हिक्टोरियाचे निळे डोके वेगवेगळे छापायचे होते. काही वेळा कागद उलटा लागला आणि राणीचे डोके खाली झाले! ती तिकिटे आज अतिशय दुर्मिळ आहेत.

कधी फरक इतिहास सांगतो. 2 ऑगस्ट 1954 रोजी आपले सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर पोर्तुगीज अमलातल्या जुन्या तिकिटांवरच 'लिबरेटेड एरियाज', म्हणजे मुक्त प्रदेश, असे इंग्रजी शब्द छापण्यात आले. तिकीट तेच, पण त्या दोन शब्दांनी राज्य बदलल्याचे सांगितले.

वडिलांनी एकेक तिकीट उजेडासमोर धरून वर्षानुवर्षे केलेली वाटणी मी एका दुपारी मोडली, याचे वाईट वाटते. त्याहून जास्त वाईट वाटते ते न बघताच त्या मुलाला चूक ठरवल्याचे. तीस वर्षे शिकवूनही 'सगळे सारखेच' म्हणण्याची घाई सुटलेली नाही. ही घाई मी तिकिटांच्याच बाबतीत केली असेल, असे मला म्हणवत नाही.

मुलांनो, तुम्हाला दिलेली तिकिटे मला परत नकोत, ती तुमचीच आहेत. फक्त शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन माझ्या खोलीत या. तारा की शेर, एवढे आपण मिळून बघू आणि नव्या पाकिटांवर लिहून ठेवू. आणि घरात आजी-आजोबांची जुनी पाकिटे असतील, तर फेकण्याआधी त्यांना एकदा विचारा.

आपला,
मुख्याध्यापक