रागाचं मॉक ड्रिल

पोळीभाजीचा स्टीलचा डबा भिंतीवर आपटला की केवढा आवाज होतो, माहितीये? आमच्या पालघरच्या घरात तो मागच्या पावसाळ्यात झाला. डबा मीच फेकला होता. कारण? आईनं विचारलं, "एवढा उशीर का गं?" बस, एवढंच.

आई काहीच बोलली नाही. खाली बसून सांडलेलं पुसलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याशी जपून बोलायला लागली. "वाढू का?" हेसुद्धा हळू आवाजात. आपली आई आपल्याला घाबरते, हे कळणं फार वाईट असतं हो.

गंमत म्हणजे कामावर मी एकदम कूल! तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीत लॅबमध्ये केमिस्ट आहे. पालघर, उमरोळी, बोईसर, पुढे शेअर रिक्षा... दिवसभर हसतमुख. सगळा स्फोट घरी.

शेवटी मैत्रिणीनं सुचवलेल्या समुपदेशक मॅडमकडे गेले. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी काही प्रिंटआऊट हातात ठेवल्या. "या वर्कशीट. रोज एक भरायची." म्हटलं, झालं, आता होमवर्क!

हा सगळा फंडा डीबीटीचा, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीचा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ती तयार केली आणि १९९३ मध्ये तिचं मॅन्युअल आलं. मुळात ती वारंवार आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी होती. आपण स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तेव्हापासून मला त्या जवळच्या वाटतात.

नाव भारी असलं तरी अर्थ सोपा आहे. दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. 'मी थकले होते' हे खरं. 'डबा फेकणं चूक होतं' हेही खरं. मॅडमनी फक्त मधला 'पण' काढून 'आणि' लिहायला लावलं. करून बघा, वाक्यातलं भांडणच मिटतं!

कोऱ्या शीटच्या वीस कॉपी काढायला स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. "मॅडम, परीक्षा आहे का?" म्हटलं, "हो, आईबरोबर."

पहिली शीट साखळीची. स्फोटापासून एकेक कडी मागे जायचं. कंपनीत बॅच फेल झाली की आम्ही रूट कॉज शोधतो, अगदी तसंच. डबा, त्याआधी आईचा प्रश्न, त्याआधी चुकलेली लोकल, त्याआधी सायलेंटवर राहिलेला फोन... आणि सगळ्यात मागे, न खाल्लेलं जेवण. डबा भरलेला होता म्हणून तर भाजी सांडली ना! चार शीट भरल्यावर कळलं, माझी जवळजवळ सगळी भांडणं उपाशी पोटी होतात.

एवढं करूनही एकदा भडका उडालाच. मी पर्समध्ये शीट शोधत बसले आणि तोंड आपलं चालूच! मॅडम हसल्या. "तुमच्याकडे मॉक ड्रिल होतं ना? आग लागल्यावर सिलिंडरवरच्या सूचना वाचत बसता का?"

बरोबर होतं. सायरन वाजला की पाय आपोआप असेंब्ली पॉइंटकडे वळतात, कारण आग नसताना शंभरदा तिकडे गेलेलो असतो. म्हणून मी डहाणू लोकलमध्ये, डोकं शांत असताना सराव सुरू केला. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. घरी आल्यावर तोंडावर गार पाणी. (हृदयाचा त्रास असेल तर एकदम बर्फगार पाण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच!)

सगळ्यात अवघड शीट मागणीची. काय घडतं ते सांगायचं, काय वाटतं ते सांगायचं आणि हवं ते स्पष्ट मागायचं. पहिल्या ड्राफ्टमध्ये 'तू नेहमी' तीनदा होतं. खोडलं. चौथा ड्राफ्ट एका रविवारी आईला सांगितला. "आई, दारात आल्या आल्या प्रश्न आला की मला दडपण येतं. पहिली पंधरा मिनिटं दे, मग मीच सांगते." आई म्हणाली, "एवढंच? मग आधी नाही का सांगायचंस!"

एक मात्र लक्षात ठेवा. शीट म्हणजे अख्खी थेरपी नव्हे. पूर्ण डीबीटीत थेरपिस्टच्या भेटी असतात, गटात शिकणं असतं. जगणंच नको वाटत असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

परवा पुन्हा लोकल चुकली, फोन पुन्हा सायलेंटवर. दार उघडताच आई कडाडली, "फोन काय शोभेला घेतलायस? जीव टांगणीला लागतो इथे!" पंधरा मिनिटांचा करार ती साफ विसरली होती. मी बेसिनपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं, श्वास मोजले.

आणि मग लक्षात आलं, कितीतरी महिन्यांनी आईनं मला पूर्ण आवाजात झापलं होतं!